झाक उजेडाची, वर्ण माणसाचा

पोर्ट्रेटमधल्या त्वचेच्या रंगाला हात लावावा की लावू नये, या वादात दोनच आवाज मोठ्याने ऐकू येतात. एक म्हणतो, कॅमेऱ्याने टिपलं तेच खरं. त्यानंतरचा प्रत्येक बदल खोटेपणा आणि त्वचेचा रंग बदलणं तर त्या माणसाचा अपमानच. दुसरा म्हणतो, फोटो ही कला आहे, रंग ही आवडीची बाब आहे, बघणाऱ्याला छान वाटलं की झालं. दोघेही पोटतिडकीने बोलतात, आणि दोघेही एकाच शब्दात दोन निराळ्या गोष्टी कोंबतात. तो शब्द 'रंग'. आपल्या भाषेत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. भिंतीवरून, पानांतून, दिव्यातून चेहऱ्यावर येऊन बसते ती झाक. माणूस जाईल तिथे त्याच्याबरोबर जातो तो वर्ण. माझं म्हणणं असं की झाक काढणं हे फोटोग्राफरचं काम आहे आणि ते टाळणं हा कामचुकारपणा आहे. वर्ण बदलण्याचा मात्र त्याला अधिकार नाही. हा फरक न केल्यामुळे एक बाजू गरजेच्या दुरुस्तीलाही पाप ठरवते आणि दुसरी दुरुस्तीच्या नावाखाली माणसं उजळवत सुटते.

'कॅमेऱ्याने टिपलं तेच खरं' हे ऐकायला भारदस्त वाटतं, पण कॅमेऱ्याच्या आत काय चालतं ते पाहिलं की त्याचा पायाच राहत नाही. सेन्सरवर पडलेल्या उजेडाची नोंद लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन खात्यांत होते. रॉ फाइल म्हणजे ही कच्ची नोंद. तिच्यात पांढरं कशाला म्हणायचं हे ठरलेलं नसतं. लाल आणि निळ्या खात्यांतले आकडे कितीने गुणायचे याचा कॅमेरा अंदाज बांधतो आणि तो फाइलसोबत टिपण म्हणून ठेवून देतो. जेपीईजी, म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेली नेहमीची फोटो फाइल, घेतली तर तो अंदाज आकड्यांत मुरूनच हातात येतो. या अंदाजाची सगळ्यात साधी रीत अशी, की चौकटीतल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडी येते असं धरून चालायचं. आजचे कॅमेरे त्याहून पुष्कळ हुशार आहेत, चेहरा ओळखतात, तरीही विटकरी भिंतीसमोर उभ्या असलेल्या माणसाला निळसर-हिरवट करून ठेवणारा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं याचा कॅमेऱ्याचा हा अंदाज, मला नेहमी भेटतो. उजेड मोजणारा मीटर तर मुळात याहून सरधोपट. समोर जे काही आहे ते मध्यम राखाडी आहे असं त्याचं गृहीतक. चौकट भरून काळासावळा चेहरा असेल तर तो एक्सपोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, वाढवतो, गोरापान असेल तर उतरवतो. म्हणजे कुणी बोटही लावलं नाही तरी यंत्राने दोघांनाही मधल्या एका जागेकडे ओढलेलं असतं. मग 'एडिट न केलेला' फोटो म्हणजे नेमका कुणी एडिट न केलेला? निर्णय झालेलाच असतो. फक्त तो, हा चेहरा कधीही न पाहिलेल्या कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेला असतो.

आणि हे डिजिटल काळातच सुरू झालं असंही नाही. 19व्या शतकातल्या काचेच्या प्लेटला निळा उजेड चटकन जाणवायचा, लाल जवळजवळ जाणवतच नसे. त्वचेवरून परतणाऱ्या उजेडात लालाचा वाटा मोठा. त्यामुळे त्या फोटोंत तांबूस गाल काळवंडत, चेहऱ्यावरचे पुसट डाग ठसठशीत उमटत आणि निळे डोळे पांढुरके दिसत. 1873 साली हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला, प्लेटच्या लेपात विशिष्ट रंजकद्रव्य मिसळलं की तिला हिरवा उजेडही जाणवू लागतो, हे सापडलं. सगळे रंग जाणवणाऱ्या प्लेट बाजारात यायला पुढचं शतक उजाडावं लागलं. रंगीत फिल्म आली तेव्हा पक्षपाताने रूप बदललं. कोडॅक कंपनी प्रिंट काढणाऱ्या प्रयोगशाळांना तपासणीसाठी एक नमुना पाठवायची. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचा फोटो असे. सुरुवातीच्या मॉडेलच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणू लागले. शर्लीचा चेहरा नीट आला की यंत्र बरोबर लागलं असं समजायचं. शर्लीपेक्षा सावळं कुणी समोर आलं तर? त्याचे दात आणि डोळे तेवढे चमकत, बाकी चेहऱ्याचा तपशील अंधारात विरघळून जाई. लोर्ना रॉथ या कॅनडातल्या अभ्यासक बाईंनी कोडॅकच्या जुन्या माणसांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांना असं सांगण्यात आलं, की तपकिरी छटा नीट याव्यात यासाठी कंपनीवर दबाव आला तो लाकडी फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्यांचा. त्यांच्या जाहिरातींत एक लाकूड दुसऱ्यासारखं दिसत होतं. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेली कार्डं यायला 1990चं दशक उजाडलं. हे वाचल्यावर मला राग येतो आणि तो लपवावासा वाटत नाही. इतकी वर्षं कोट्यवधी लोकांनी स्वतःच्या आल्बममधला काळपट, सपाट चेहरा पाहून 'माझा फोटो चांगला येत नाही' असं म्हणत स्वतःलाच बोल लावला असेल.

तरी 'हात लावू नका' म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मला मनापासून मान्य आहे. उजेड हाही त्या क्षणाचा भाग असतो. मेणबत्तीच्या उजेडात बसलेल्या माणसाचा फोटो ग्रे कार्डावर, म्हणजे ठरावीक राखाडी रंगाच्या पुठ्ठ्यावर, मोजून काटेकोर पांढरा केला तर त्या फोटोतलं सगळंच निघून जाईल. मावळतीचं ऊन गालावर आहे म्हणूनच तो फोटो काढलेला असतो. प्रत्येक झाक पुसायचीच असा नियम केला तर सगळे फोटो दवाखान्यातल्या खोलीत काढल्यासारखे दिसतील. मग कुठली ठेवायची आणि कुठली काढायची?

याचं उत्तर डोळ्याच्या कामात आहे. 1789 साली गास्पार मोंज या गणितज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक प्रयोग मांडला होता. लाल काचेतून लाल वस्तूकडे पाहायचं. ती गडद लाल दिसेल अशी कुणाचीही अपेक्षा असणार. दिसली ती फिकट, पांढुरकी. सगळ्याच दृश्यावर लाली आहे म्हटल्यावर डोळ्याने ती वजा करून टाकली होती. आपण हे दिवसभर करत असतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळा. साध्या पिवळ्या बल्बचा उजेड 2,700 ते 3,000 केल्विनच्या आसपास, दुपारच्या उन्हाचा साधारण 5,500, मोकळ्या आभाळाखालच्या सावलीचा 7,000च्या वर. एवढ्या फरकातून समोरचा माणूस चालत गेला तरी तो गोरा झाला, पिवळा झाला, निळा झाला असं आपल्याला वाटत नाही. ही वजाबाकी करायला डोळ्याला एक गोष्ट लागते: उजेड कुठून आणि कसा येतोय याची खूण. प्रत्यक्षात ती चहूबाजूंनी मिळते. फोटोत चौकटीपुरतीच मिळते. म्हणून माझी कसोटी अशी, की झाकेचं कारण चौकटीत दिसतंय का? मेणबत्ती दिसतेय, क्षितिज तांबडं आहे, खिडकी दिसतेय, तर बघणारा हिशोब आपोआप करतो. ती झाक राहू द्यावी, फार तर थोडी सौम्य करावी. पण चौकटीबाहेरच्या हिरव्या पडद्याने, डोक्यावरच्या झाडाने, बाजूच्या ट्यूबलाइटने चेहऱ्यावर जे ओतलंय त्याचं कारण बघणाऱ्याला दिसत नाही. तो ते सगळं त्या माणसाच्या त्वचेच्या नावावर टाकतो. आजारी दिसतोय, म्हणतो. अशी झाक तशीच ठेवणं म्हणजे उजेडाचा दोष माणसाच्या माथी मारणं.

झाक बराच काळ तशीच राहिली तर काय होतं, याचं एक उदाहरण चित्रकलेत आहे, आणि तेही एका समूहचित्राचं. रेम्ब्रांटने 1642 साली पूर्ण केलेल्या एका भव्य चित्राला सगळं जग 'नाइट वॉच', म्हणजे रात्रीचा पहारा, या नावाने ओळखतं. चित्रातला प्रसंग दिवसाचा आहे. वरचं वॉर्निश पिवळं पडत, काळवंडत गेलं आणि पुढच्या पिढ्यांनी त्या काळोखालाच चित्र मानून त्याचं नाव ठेवलं. 1940च्या दशकात वॉर्निश उतरवल्यावर उजेड पुन्हा दिसला, नाव मात्र तेच राहिलं. जुन्या चित्रांवरची पिवळी झाक काढायला त्या काळात कडाडून विरोध झाला होता, कारण लोकांचा त्या सोनेरी रंगावर जीव जडला होता. तो जिव्हाळा मी समजू शकतो. पण चित्रकाराने रंगवलेले चेहरे त्या झाकेखाली होते.

आता दुसरी बाजू. रंग ही आवड आहे, मोजून काय होणार, असं म्हणणाऱ्यांना मी एक मुखपृष्ठ आठवायला सांगेन. 27 जून 1994च्या अंकावर टाइम आणि न्यूजवीक या दोन्ही अमेरिकी साप्ताहिकांनी खुनाचा आरोप असलेले कृष्णवर्णीय माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांचा पोलिसांनी काढलेला एकच फोटो छापला. न्यूजवीकने तो जसाच्या तसा घेतला. टाइमने तो चित्रकाराकडे दिला आणि तो काळवंडून, कडा गडद होऊन आला. अंक शेजारीशेजारी मांडलेले पाहून लोक भडकले, आणि टाइमच्या संपादकांना खुलासा करावा लागला. फोटोला नाट्यमय करण्याचा हेतू होता, वंशभेदाचा नव्हता, असं त्यांचं म्हणणं. हेतूबद्दल मी वाद घालत नाही. पण एका आरोपीला काळं केलं की तो जास्त भयानक दिसतो, आणि कुणाला गोरं केलं की ती व्यक्ती जास्त सुंदर दिसते, ही एकाच नाण्याची दोन अंगं नाहीत का? पहिल्याला आपण एका आवाजात अन्याय म्हणतो. दुसऱ्याला टचअप म्हणतो.

हे टचअप नेमकं कसं होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. फोटो दुरुस्त करायच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एकेका रंगाचा उजळपणा स्वतंत्रपणे वाढवायची सोय असते. त्यात ऑरेंजचा ल्युमिनन्स थोडा वर सरकवला की कपडे, भिंत, आभाळ जवळपास जागच्या जागी राहतं आणि त्वचा तेवढी उजळते. कारण माणसाची त्वचा, वर्ण कुठलाही असो, लाल आणि पिवळ्याच्या मधल्या अरुंद पट्ट्यातच येते. वर मेलॅनिन हे त्वचेला गडदपणा देणारं रंगद्रव्य, खाली रक्त. प्रमाण बदलतं, घटक तेच. व्हिडिओतले रंग जुळवणारे लोक व्हेक्टरस्कोप नावाचा आलेख वापरतात, त्यावर त्वचेसाठी एक रेघच आखलेली असते. सगळे चेहरे तिच्यावर तंतोतंत बसत नाहीत. कुणी पिवळ्याकडे झुकतो, कुणी लालाकडे. पण गोरा, गव्हाळ, सावळा, काळाभोर, सगळे तिच्या आसपासच असतात, आणि ती रेघ उजळपणाबद्दल चकार शब्द काढत नाही. माझ्या सगळ्या म्हणण्याचं मर्म इथे आहे. झाक चेहऱ्याला त्या पट्ट्याबाहेर ओढते, हिरव्याकडे, निळ्याकडे. त्याला परत आणायला सॉफ्टवेअरमधल्या दोन पट्ट्या पुरतात: निळ्या-पिवळ्याचा तोल सांभाळणारं टेम्परेचर आणि हिरव्या-मजेंटाचा तोल सांभाळणारा टिंट. चेहरा उजळ करायची त्यासाठी गरज नसते. एक्सपोजर चुकलं असेल तर ते अख्ख्या फोटोचं सुधारावं. फक्त त्वचेला वेगळं काढून वर सरकवलं, की त्या क्षणी आपण उजेडाबद्दल बोलणं थांबवून त्या माणसाबद्दल मत दिलेलं असतं.

'पण लोक स्वतःच मागतात ना?' मागतात. हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. चेहरा त्यांचा आहे. स्वतःच्या फोटोत स्वतःला कसं पाहायचं यावर त्यांचा हक्क माझ्यापेक्षा निश्चितच मोठा आहे, आणि कुणी स्पष्ट सांगितलं तर मी प्रवचन देत बसत नाही. माझं भांडण न विचारता करण्याशी आहे. फोन हातात घेऊन सेल्फी काढला की ब्यूटी मोड कित्येकदा आधीच सुरू असतो, आणि त्यात डाग पुसणं, कातडी गुळगुळीत करणं आणि वर्ण उजळणं हे सगळं एकाच बटणाला बांधलेलं असतं. स्वतःचा चेहरा रोज दोन छटा उजळ पाहणाऱ्या मुलीला आरशातला चेहरा चुकीचा वाटू लागला, तर तिने मग मागितलेल्या उजळपणाला तिची आवड म्हणायचं? शर्लीच्या काळातही प्रयोगशाळेतला माणूस हेच म्हणत असणार, की लोकांना असंच आवडतं.

आवडीच्या युक्तिवादाला आणखी एक जागा अशी आहे जिथे तो टिकतच नाही. नवजात बाळाला कावीळ असली की त्वचा पिवळसर दिसते. बाळाचा फोटो दूरच्या डॉक्टरांना पाठवला आणि फोनच्या ऑटो व्हाइट बॅलन्सने तो पिवळेपणा दिव्याचा समजून काढून टाकला, तर? किंवा पिवळ्या बल्बने धडधाकट बाळ पिवळं केलं तर? म्हणूनच फोनच्या कॅमेऱ्याने कावीळ ताडण्याचे जे प्रयोग झाले, त्यांत बाळाच्या अंगावर ठरलेल्या रंगांचं कार्ड ठेवायची पद्धत आली. उजेड वेगळा, त्वचा वेगळी, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

इथे या विषयातला सर्वांत जाणता आक्षेप येतो, आणि तो मी स्वतःला अनेकदा विचारलाय. कॅमेऱ्यापर्यंत पोचतो तो उजेड आणि त्वचा यांचा गुणाकार. गुणाकाराचं उत्तर 12 आहे एवढंच सांगितलं तर ते 3 गुणिले 4 की 2 गुणिले 6, कसं कळणार? एका फोटोवरून झाक किती आणि वर्ण किती हे गणिताने काढता येत नाही, हे खरंच आहे. मग माझी सगळी विभागणी पोकळ ठरते का? ठरली असती, फोटोत फक्त त्वचा असती तर. फोटोत साक्षीदार असतात. एक फ्रेम ग्रे कार्ड हातात देऊन काढली तर प्रश्नच मिटतो. 10 सेकंदांचं काम आहे आणि ते न करण्याला माझ्या मते काहीही सबब नाही. कार्ड नसेल तर राखाडी कापड, रंग न दिलेलं सिमेंट, स्टीलची कडा. डोळ्यांचा पांढरा भाग आणि दात यांच्यावर ड्रॉपर, म्हणजे 'हे पांढरं धर' असं सॉफ्टवेअरला दाखवायचं साधन, टेकवायचा मोह टाळावा; डोळ्यात लालसर शिरा असतात, दात पिवळसर असतात, त्यांना पांढरं मानलं की सगळा चेहरा निळा पडतो. आणि एक साक्षीदार चेहऱ्यावरच बसलेला असतो. नाकाच्या शेंड्यावर, कपाळावर, गालाच्या हाडावर जी चमक येते ती त्वचेच्या आत न शिरताच परतलेला उजेड असते. तिचा रंग त्वचेचा नसतो, दिव्याचा असतो. सावळ्या चेहऱ्यावर ही चमक जास्त स्पष्ट वाचता येते. ज्या चेहऱ्यांना फिल्मने अर्धं शतक अंधारात ठेवलं, तेच उजेडाचा रंग सगळ्यात स्वच्छ सांगतात.

काही महिन्यांपूर्वी मी एका कुटुंबाचा फोटो काढला. पाच माणसं, मोठ्या झाडाखाली, पायाशी हिरवळ. पानांतून गाळून आलेला उजेड वरून, गवतावरून उसळलेला खालून. हनुवट्यांखाली आणि मानांवर हिरवं साचलेलं. घाईत मी सॉफ्टवेअरमधल्या स्किन टोन जुळवणाऱ्या सोयीला एक नमुना दिला आणि पाचही चेहरे त्याच्याशी जुळवून घेतले. हिरवं गेलं. पण स्क्रीनवर पाच अनोळखी लोक होते. वडील गडद सावळे, आई गव्हाळ, थोरली मुलगी वडिलांवर गेलेली, धाकटी दोन मधली. हे नात्याचं चढउतार, जे बघून कुणीही 'ही बापाची लेक' म्हणेल, ते सपाट झालं होतं. मी ते सगळं टाकून दिलं. मग वडिलांच्या कपाळावरची चमक आणि आईच्या राखाडी ओढणीची सावलीतली घडी, या दोन ठिकाणी मोजून अख्ख्या फोटोला एकच दुरुस्ती केली: टिंट मजेंटाकडे, टेम्परेचर जरा उबदार. मानांसाठी वेगळा हलका मास्क, म्हणजे तेवढ्याच भागापुरती दुरुस्ती, कारण तिथे गवताचा उजेड जास्त होता. उजळपणाला कुणाच्याच हात लावला नाही. पाचही चेहरे आपापल्या जागी परत आले, एकमेकांपासून होते तेवढ्याच अंतरावर.

फोटो बघायला आई आणि थोरली मुलगी आल्या. आईने बराच वेळ पाहिलं आणि थोरलीकडे बोट करून म्हणाल्या, "हिला जरा उजळ करा हो." मी काही न बोलता मुलीकडे बघितलं. ती स्क्रीनजवळ वाकली, आधी वडिलांचा चेहरा बघितला, मग स्वतःचा.

"उजळ नको," ती म्हणाली. "पण माझ्या मानेवर इथे अजून थोडं हिरवं राहिलंय का हो?"

राहिलं होतं. मी मास्क पुन्हा उघडला.